स्लॅबच्या दिवशीची मुलाखत

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. त्या दिवशी मी पियुषला ५,७५० रुपये दिले. सिंदीतल्या माझ्या घराच्या स्लॅबवर देखरेख करण्याची ती फी. निवृत्तीपूर्वी स्वतःचं घर उभं राहावं, एवढाच माझा हिशेब होता.

पियुष सिव्हिल इंजिनिअर. वर्ध्याच्या एका ठेकेदाराकडे सहा वर्षं साइटवर. त्याला सॉफ्टवेअरमध्ये जायचं होतं. साइटवरून आल्यावर सिमेंटने फुटलेल्या बोटांनी तो दोन वर्षं कोडिंग शिकला. सिव्हिलवाला म्हणून कंपन्या दारातूनच परत पाठवत. अखेर पुण्याच्या एका कंपनीनं शेवटच्या मुलाखतीला बोलावलं. ती नेमकी त्याच दिवशी दुपारी तीनला, मोबाइलवर.

"साडेसातले सुरू केलं तर दोनले मोकळा होतो, काका," तो म्हणाला होता.

सकाळी मजूर, मिक्सर सगळं हजर. पण माझी थोरली बहीण देवकाबाई नारळ हातात घेऊन बसली.

"सोमवारी नवाच्या आधी राहूकाळ असते. त्यात नारळ फोडतं का कोणी?"

"मावशी, मले तीनले मुलाखत हाय."

"मंग घाई काऊन करतं? तीनले लय वेळ हाय."

नारळ सव्वानऊला फुटला. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. मध्ये थांबलं तर जोड राहतो आणि तिथूनच पाणी गळतं.

तीन वाजता पियुष जिन्यावर मोबाइल धरून बसला. मुलाखत घेणाऱ्या मॅडमचे दोन प्रश्न झाले असतील, तेवढ्यात हेमराज मिस्त्री वरून ओरडला, "साहेब, व्हायब्रेटर बंद पडलं. बीम अर्धाच भरला."

काँक्रीट दाबून बसवणाऱ्या त्या यंत्रातलं पेट्रोल संपलं होतं. पियुषनं मोबाइल माझ्या हातात दिला. स्वतःच्या गाडीच्या टाकीत नळी घालून बाटली भरली आणि वर गेला. यंत्र लवकर सुरू होईना.

"साहेब, तुमच्या कॉम्प्युटरनं भरत असन तर आमी घरी जातो," हेमराज म्हणाला.

पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, "उमेदवार कुठे आहेत?"

"येऊन राह्यले, मॅडम. बीम भरून राह्यला."

त्या थोडा वेळ थांबल्या. मग पडदा काळा झाला. बीम भरल्यावर पियुष खाली आला, मोबाइल पाहिला आणि पुन्हा वर गेला. गुरुवारी नकार आला.

सध्या तो गिरडच्या रस्त्यावर त्याच ठेकेदाराच्या पुलावर आहे. परवा भेटला तेव्हा मी पुढच्या मुलाखतीचं विचारलं.

"स्लॅब नसन त्या दिवशी देतो, काका. पण स्लॅब कोणत्या दिवशी नसते?"

पावसाळा गेला. माझ्या घरात कुठेही थेंब गळला नाही. पियुषच्या गाडीतून काढलेल्या दोन लिटर पेट्रोलचे २१० रुपये मी त्याला देणं लागतो.