भेगेचं खापर मशीनवर

शिलाईवाल्या मावशींच्या मागच्या खोलीत खिडकीखालून जमिनीपर्यंत तिरकी भेग गेली होती. नवऱ्याने निदान केव्हाच करून टाकलं होतं. "दिवसभर तुझं मशीन धडधडतं. भिंत तडकेल नाही तर काय!" दर वर्षी तो भेगेत लांबी भरायचा आणि वर हेच ऐकवायचा. शेवटी मावशींनी मशीन व्हरांड्यात नेलं. उन्हातान्हात, वाऱ्यात बसून शिवलं. भेग मात्र रुंदावतच गेली. आता तिच्यात बोट जायला लागलं.

एके सकाळी नवरा पुन्हा लांबीचा डबा घेऊन आला आणि मावशींचं डोकंच फिरलं. डबा हिसकावून त्यांनी अंगणात भिरकावला, गवंड्याला बोलावलं आणि भिंतीबाहेरचा कोपरा खणायला लावला. भिंतीच्या पायाखाली पोकळी निघाली. न्हाणीघराच्या पाइपचा सांधा गळून गळून तिथली माती वाहून गेली होती आणि कोपरा खचला होता. तो सांधा "प्लंबर कशाला हवा?" म्हणत नवऱ्यानेच बसवला होता.

गवंड्याने आधी पाइप बदलला, पोकळीत काँक्रीट भरलं, मग भेगेत आडव्या सळ्या बसवून ती बुजवली.

संध्याकाळी नवरा फाटकाशी शेजाऱ्यांना सांगत होता, "कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी केव्हाच ओळखलं होतं."

मावशी तरातरा बाहेर आल्या. "ओळखलं होतंत? मग मला व्हरांड्यात का बसवलंत?"

"अगं, चार लोकांत..."

"चार लोकांतच सांगा. मशीनमुळे नव्हतं म्हणा."

शेजारी जागचे हलेनात. नवरा खाली बघत पुटपुटला, "मशीनमुळे नव्हतं."

"मोठ्याने!" मावशी म्हणाल्या.