दाजींची गाडी तापते

काळजी आपण सगळेच करतो, पण एकही रजा न घेता ती नोकरीसारखी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे दाजी देवणीला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. इंजेक्शन दिलेला बैल कडबा खाऊ लागला तरी हे संध्याकाळी सायकल काढून त्याच्या गोठ्यात हजर व्हायचे आणि त्याचे कान चाचपून असा काही चेहरा करायचे, की बैल ठणठणीत राही, मालकाची मात्र झोप उडे. एकदा आमच्याकडे मुदखेडला आले, तर परतीची गाडी चुकेल या धास्तीने सकाळीच स्टेशनवर जाऊन बसले. गाडी होती दुपारनंतरची. शेवटी माझ्या बायकोने डबा फलाटावर नेला आणि पाहुणचार तिथेच उरकला.

असा हा माणूस निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता जरा निवांत होईल. पण मागच्या वर्षी आक्काच्या छातीत कळ आली. लातूरच्या डॉक्टरांनी तिची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली आणि घरी सोडताना सहज सांगितलं, की पुन्हा दुखलं तर वेळ घालवू नका. झालं, दाजींना नवी नोकरी लागली. देवणीहून लातूर काही जवळ नाही, आणि ॲम्ब्युलन्सला फोन करता येतो हे त्यांना पटत नव्हतं. ती नेमकी त्याच वेळी दुसऱ्या कुणाला घेऊन गेलेली असेल, याची त्यांना खात्री होती. म्हणून त्यांनी उतारवयात गाडी शिकून घेतली आणि एक जुनी गाडी दारात आणून उभी केली. तोंड कायम रस्त्याकडे, टाकी कायम भरलेली. किल्ली शर्टाच्या खिशात आणि शर्ट झोपतानाही अंगावर. डॅशबोर्डवर आक्काने एक छोटी बुद्धमूर्ती ठेवली होती. त्या गाडीत शांत बसणारी तेवढी एकच.

दाजी गाडी चालवताना रस्त्याकडे फारसं बघत नसत. त्यांचं सगळं लक्ष इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर. रस्ता बघायचं काम आक्काकडे होतं. "म्हैस हाय," ती शांतपणे म्हणायची, किंवा "आता टमटम हाय," आणि दाजी काट्यावरची नजर न काढता ब्रेक दाबायचे.

या मे महिन्यात मी देवणीला गेलो, तेव्हा दाजी बॉनेट उघडून उन्हात उभे होते आणि चेहरा साफ उतरला होता. आदल्या दिवशी चढाला काटा लाल रेषेपर्यंत गेला होता. मी म्हटलं, गॅरेजला टाकू. मेकॅनिक गाडी दोन दिवस ठेवून घेतो म्हणाला होता, आणि तिथंच सगळं अडलं होतं. गाडी एक रात्रही दाराबाहेर राहिलेली दाजींना चालणार नव्हती. ती घरीच, दारातच, आजच्या आज बरी व्हायला हवी होती.

मग तपासणी सुरू झाली, ती अगदी दवाखान्यातल्यासारखी. धूर हुंगून झाला. ऑइलची पट्टी काढून बोटांवर चोळून पाहिली, त्यात पाणी गेलेलं नव्हतं. पट्टा ताणून पाहिला, होज पाइप चिमटून पाहिले. फॅन लागतो का ते पाहायला इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं समोर पाटावर बसलो. फॅन लागला तेव्हा दाजींना आनंद होण्याऐवजी जास्तच काळजी वाटली, कारण दोष आता आणखी कुठेतरी खोल असणार. मी पुढे होऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात असा झटकला की अजून दुखतो. गरम झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं म्हणे. ते बरोबरच होतं, पण त्यानंतर हात लावता येईल इतकं इंजिन निवेपर्यंत त्यांनी मला धडपणे चहासुद्धा पिऊ दिला नाही.

मग त्यांनी बैलाचे कान चाचपावेत तसा रेडिएटर पालथ्या हाताने चाचपला. एका बाजूला कोमट, दुसऱ्या बाजूला गार. म्हणजे पाणी सगळीकडे फिरतच नव्हतं. झाकण उघडलं तर आत क्षारांचा पांढरा थर बसलेला. तेवढ्यात आक्का बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, हे तर आपल्या पाणी तापवायच्या हिटरवर बसतंय तेच. "आवं, मला जारचं पाणी पाजताव आन् गाडीला बोअरचं?"

दाजी खालीच बसले. पाणी जरा कमी दिसलं की, न चुकता, स्वतःच्या हाताने ते बोअरचं खारं पाणी ओतत आले होते. काळजीपोटीच. मी हसायला लागलो, पण त्यांच्याकडे पाहून हसू गिळलं.

"मीच तुंबवली रे," ते मला हळूच म्हणाले. "ही मागं कळा सोसत पडली आसती आन् गाडी चढाला वाफ सोडत हुबी राहिली आसती, तर? मी काय केलं आसतं?"

मी दुकानातून रेडिएटर साफ करायचं औषध आणि कुलंट आणलं. औषध घालून इंजिन चालवलं, निवू दिलं, खालचा बोल्ट काढला. गढूळ, पांढरट पाणी अंगणभर पसरलं. ते नितळ येईपर्यंत आम्ही घरातले जार ओतून रिकामे केले आणि शेवटी कुलंट भरलं. आक्काने त्या दिवशी स्वयंपाकाचं पाणी शेजारून मागून आणलं.

उन्हं कलल्यावर शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला गाडी काढली. निघताना दाजींनी आक्काला मागच्या सीटवर आडवं व्हायला सांगितलं. तशी वेळ आली तर ती नीट मावते का, धक्के किती बसतात, हे त्यांना बघायचं होतं. मला वाटलं आक्का आता चांगलीच झाडणार. पण ती मुकाट्याने चप्पल काढून, गुडघे दुमडून आडवी झाली. तिच्या जागी रस्ता बघायला मी पुढे बसलो. चढ आला, चढ संपला, काटा मधोमध राहिला. दाजींनी विचारलं, धक्के बसतात का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पण मागे वळून बघण्याचं धाडस त्यांना होईना. "तू बघ," ते म्हणाले.

मी पाहिलं. आक्का तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती आणि बारीक घोरत होती.

परत येताना गाडी बैलगाडीच्या चालीने आली. घरी पोहोचल्यावर दाजींनी इंजिन बंद केलं, काचा खाली घेतल्या आणि मला खुणेनेच सांगितलं, की दार आपटू नको, आत जाऊन चहा ठेव. मी चहा ठेवला. तो उकळला, आटला, पुन्हा पाणी घातलं. खिडकीतून पाहिलं तर बाहेर अंधारून आलं होतं, आणि दाजी मागे वळून, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून, आक्काच्या झोपेकडे बघत बसले होते.