जगाचा इतिहास, मुक्काम पोस्ट महाड

इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी महाडच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावी आर्ट्‌सला इतिहास शिकवते. आमच्या विषयातला सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न म्हणजे 'कारणे व परिणाम लिहा'. मुलं पाठ करतात, परीक्षेत ओततात आणि विसरतात. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. पण मध्येच कधीतरी एखादं पोर असं काही बोलून जातं, की तो दिवसभर मला दुसरं काही सुचत नाही. घरी येऊन चहा टाकते आणि चहा उतू जातो. असे उतू गेलेले चहा बरेच आहेत. त्यातले हे काही.

* * *

रेश्मा पाचाडची. रायगडाच्या पायथ्याशी तिच्या आईची खाणावळ आहे. गड उतरून दमलेली माणसं तिथे पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि बटाट्याची भाजी खातात.

त्या दिवशी वर्गात सागरी मार्गांचा शोध चालू होता. एक दर्यावर्दी भारत शोधायला निघाला, वाट चुकला आणि अमेरिकेला जाऊन लागला. मग तिकडची पिकं जगभर गेली. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मका, हे सगळं तिकडून आलेलं आहे, असं मी सांगितलं. रेश्माने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मिरचीसुद्धा का? मिरचीसुद्धा.

ती घरी गेली आणि आईला सांगितलं. आईचा अर्थातच विश्वास बसला नाही. मिरची नव्हती तर लोक जेवायचे कसे, असं तिचं म्हणणं. रेश्मा म्हणाली, मिरी घालायचे. आई म्हणाली, बघूया. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायच्या आधी तिने घरच्यांपुरतं मिरीचं पिठलं केलं. ठेचा नाही, बटाटा नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. पानात पिठलं आणि भाकरी. 

जेवण झाल्यावर आई पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे तो बाबा वाट चुकला म्हनून माझी खानावळ चाल्ली हाय."

रेश्माने हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. पाचशे वर्षांपूर्वीचं एक चुकलेलं जहाज, आणि पाचाडच्या चुलीवरचा तवा!

* * *

दीपाली पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. तिच्या घराण्याला वाडीत 'बसरेवाले' म्हणतात. का म्हणतात ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी कुणीतरी बासरी वाजवत असेल, असा तिचा लहानपणापासूनचा समज.

पहिल्या महायुद्धाच्या धड्यात मी सांगत होते, की इंग्रजांनी हिंदुस्थानी फौजा कुठे कुठे नेल्या. आमच्या महाड-पोलादपूरकडची माणसंही फार गेली. फ्रान्स, आफ्रिका, मेसोपोटेमिया. आजचं इराक, तिथलं बसरा बंदर. 'बसरा' म्हटल्याबरोबर दीपालीने पेन खाली ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ती आजोबांनाच घेऊन आली. ऐंशीच्या आसपासचे, ताठ कण्याचे. त्यांना एवढं माहीत होतं, की त्यांचे आजोबा 'लढाईवर' गेले ते परत आले नाहीत. मागे तान्हा मुलगा होता. मेल्याची खबर आली, पण प्रेत कुणी पाहिलं नाही. म्हणून त्यांच्या बायकोने कुंकू पुसलं नाही, शेवटपर्यंत. गावाने नावं ठेवली, मग गाव थकलं. म्हातारी कुंकवासकट गेली.

आमच्या स्टाफरूममध्ये जगाचा एक मोठा नकाशा आहे. मागच्या मोठ्या पुरात तो निम्मा बुडाला होता. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका अजून गाळाच्या रंगाचे आहेत. पण वरचा भाग शाबूत आहे. मी त्यांना नकाशापाशी नेलं. ही तुमची वाडी. हे बसरा. आणि लढाई सुरू झाली ती इथे, युरोपात, साराजेव्हो नावाच्या गावात. एका तरुण पोराने ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली. मग ऑस्ट्रिया उठला, रशिया उठला, जर्मनी उठला, इंग्रज उठला, आणि इंग्रजाने तुमच्या आजोबांना उठवलं.

आजोबांनी एक बोट पोलादपूरवर ठेवलं, दुसरं साराजेव्होवर. दोन्ही बोटं तशीच ठेवून म्हणाले,

"येवढ्या लांबनं गोळी लागली म्हनायची आमच्या घराला."

मग त्यांनी टोपी काढली. 

* * *

सुजय बिरवाडीचा. म्हणजे मूळचा दुसरीकडचा, पण वडील इथल्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला, म्हणून बिरवाडीत भाड्याची खोली. पोरगा तसा कमी बोलणारा. सहामाहीला प्रश्न होता, सुएझ कालव्याचे परिणाम लिहा. त्याने युरोप आणि भारत यांच्यातलं अंतर कमी झालं, व्यापार वाढला, वगैरे नेहमीचं लिहिलं होतं. शेवटचा मुद्दा असा होता : 'कालव्यात जहाज अडकल्यास कंपनीत माल येत नाही, शिफ्ट बंद होते व वडील घरी राहतात.'

मी त्याला बोलावून घेतलं. वाटलं, चेष्टा केली असेल. पण तो गंभीर होता.

मागे एक अजस्र जहाज सुएझमध्ये आडवं होऊन रुतलं होतं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच्या मागे जहाजांची रांग लागली. त्या रांगेत कुठेतरी याच्या वडिलांच्या कंपनीचा कच्चा माल होता. माल उशिरा पोचणार म्हणून त्यांच्या खात्यातलं काम काही दिवस थांबलं. सुजय तेव्हा लहान होता. वडील नाइट शिफ्ट करून दिवसा झोपायचे, घरात आवाज करायचा नाही हा नियम. एकाच खोलीत राहून बापलेकांची गाठ अशी पडायचीच नाही. त्या दिवसांत वडील घरी बसले आणि बसून बसून कंटाळले, तेव्हा त्यांनी याला सायकल शिकवली. मागे धरून पळायचे. एक दिवस धरलंय असं सांगून सोडून दिलं आणि हा वळणापर्यंत गेला.

मी विचारलं, मग पुढे?

"मग जहाज निघालं, रांग सुटली, माल आला. सगळ्यांना आनंद झाला, मॅडम. मला नाही झाला."

त्या मुद्द्याला मी पूर्ण मार्क दिले. मॉडरेटरने विचारलं असतं तर भांडले असते.

* * *

आमचे भूगोलाचे पाटणे सर. त्यांच्या मते इतिहास नावाचा विषयच नाही, सगळा भूगोलच आहे. माणसं फक्त मध्ये मध्ये येतात. स्टाफरूममध्ये आमचं यावरून रोज वाजतं. त्यांना गप्प बसलेलं मी आजवर एकदाच पाहिलं.

आम्ही दोघं मिळून वर्गाला गांधारपाल्याच्या लेण्यांवर घेऊन गेलो होतो. खाली हायवे, गाड्यांची रीघ, आणि वर डोंगरात भिक्षूंच्या कोरलेल्या खोल्या. सरांनी सावित्री नदी दाखवली. खाडीतून जहाजं आत यायची, महाड हे बंदर होतं, आणि रोमन व्यापाऱ्यांपर्यंत इथलं नाव पोचलं होतं असं काही अभ्यासक मानतात, असं सगळं हातवारे करून सांगितलं. मग मी माझं सुरू केलं. तिकडे रोमन साम्राज्य खिळखिळं झालं, व्यापार आटला, व्यापाऱ्यांचं दान आटलं, आणि इतर कारणांबरोबर हेही एक कारण झालं, लेणी ओस पडली.

मागून एका मुलाने विचारलं, की रोम पडलं हे इथे कळलं कसं? सरांकडे उत्तर तयारच असतं. ते म्हणाले, कळलं कुठे? जहाजं यायची बंद झाली, एवढंच.

तो मुलगा लेण्याच्या उंबऱ्यावर बसला होता. नदीकडे बघत म्हणाला, "म्हणजे इथे बसून ते भिक्षू वाट बघत असतील, सर. उद्या येईल म्हणून."

पाटणे सर पुढे आले. त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसले आणि तेही नदीकडे बघायला लागले. एक एक करून सगळा वर्ग बसला. खाली हॉर्न वाजत होते. उतरतानाही सर गप्पच होते, थेट हायवे लागेपर्यंत.

* * *

आता शेवटचा.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा धडा चालू होता. ज्या हॉटेलांत आपल्याला वाढत नाहीत तिथे तरुण पोरं शांतपणे जाऊन बसायची, वरून मार खायची, पण उठायची नाहीत, हे मी सांगत होते. वर्ग अगदी रंगून ऐकत होता. समता नावाची मुलगी उभी राहिली. म्हणाली, मॅडम, माझ्या आईचे आजोबा तळ्यावर गेले होते.

महाडमध्ये 'तळं' म्हटलं की कुठलं, हे विचारावं लागत नाही. चवदार तळं. कॉलेजमधून पायी जाण्याच्या अंतरावर. आमची मुलं रोज त्याच्या कडेने येतात, कुणी कठड्याला टेकून वडापाव खातात. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, पण काही माणसांना होता, त्या तळ्यावर हजारो माणसं चालत गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. अमेरिकेतली ती पोरं हॉटेलात जाऊन बसली, त्याच्या कितीतरी आधी.

मी समताला म्हटलं, घरात आणखी कुणाला काही आठवतं का? ती म्हणाली, आजीला. तिच्या बाबांचंच आहे ते.

आजी आली. पांढरं इस्त्रीचं लुगडं, हातात काठी. खुर्ची दिली तर आधी बसेना.  पाटणे सर स्वतःचा तास सोडून दारात येऊन उभे राहिले होते.

आजीने सांगितलं. तिचे बाबा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. गावातल्या मोठ्या माणसांबरोबर डोंगर उतरून चालत आले. सगळ्यांबरोबर तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर महाडात दंगा झाला, परतणाऱ्या माणसांवर काठ्या पडल्या. यांचा उजवा हात मोडला. गावठी औषधाने जुळला तो वाकडाच जुळला. त्याच हाताने पुढे त्यांनी जन्मभर नांगर धरला, आणि त्याच हाताने हिला कडेवर घेऊन शाळेत घातलं. वाकडा असल्यामुळे त्या हातावर बसायला बरं पडायचं, असं आजी म्हणाली आणि हसली.

मुलं प्रश्न विचारायला कचरत होती. काय विचारणार? शेवटी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी चाचरत उठली. म्हणाली, आजी, ते पाणी कसं लागलं, ते कधी म्हणाले का?

आजीने काठी मांडीवर आडवी घेतली.

"मी बी त्येच इच्चारलं व्हतं गो, बारकी असताना. म्हनला, साधंच व्हतं. आपल्या पान्यावानीच."