वच्छीच्या दोरीतला चिंचोका

हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. मोहाडीला तिच्याकडे दिवाळीला जायची, रात्र रात्र गप्पा व्हायच्या, सगळं सांगून व्हायचं. हे तेवढं राहून जायचं. राहून जायचं कसलं — मीच गिळून टाकायची. आता तुम्हाला सांगते. पण आधीच बजावते, मला बिचारी समजू नका. मी बिचारी नव्हते, मी डूख धरून बसले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोंढ्याजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. नवऱ्यानं पवनीला दुसरी बाई ठेवली, म्हणून मी एकटी खोली घेऊन राहायची. तिसरीच्या वर्गात वच्छला नावाची मुलगी होती. वच्छी. आठ वर्षांची, डोळे टपोरे, आणि एक काम धड शेवटाला नेईल तर शपथ! पाटी आणायची तर पेन्सिल घरी. "पुस्तक काढ" म्हटलं की दप्तरात हात घालायची आणि आत सापडलेल्या पिसाशी खेळत बसायची. तीन गोष्टी सांगितल्या तर पहिली करायची, दुसरीच्या अर्ध्यात थांबायची, तिसरी तिच्या गावीच नसायची.

ढ होती का? अजिबात नाही. तोंडी हिशेब विचारा, पटकन सांगायची. फक्त कुठून सुरू करायचं, पुढं काय, संपलं केव्हा — एवढं तिच्या डोक्यात टिकत नव्हतं. माझ्याआधी दोन मास्तरांनी तिला छड्यांनी फोडून काढलं होतं. छडीनं कोणाला आठवतं हो?

माझी आई विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची. तुमचीही मारत असेल. मला ते आठवलं आणि मी वच्छीला सुतळीची दोरी करून दिली. पहिली गाठ — नाव लिही. दुसरी — प्रश्न दोनदा वाच. तिसरी — सोडव. मग भोक पाडून ओवलेला एक चिंचोका — कागद उलट. शेवटी जाडी गाठ — पुन्हा तपास. चिंचोका मुद्दाम घातला, कारण कागदाला मागची बाजू असते हेच ती हटकून विसरायची. दोरी कमरेला बांधलेली असायची. बोटं दोरीवरून सरकायची, ओठ हलायचे, आणि काम व्हायचं. दिवाळीपर्यंत पोरगी अशी सुधारली की मोठे गुरुजी वर्गाच्या दारात उभे राहून बघायचे.

तिची आई शेवंताबाई. तलावाखालची धानाची शेती, घरात तिचा शब्द चालायचा. दिवाळीनंतर ती मला म्हणाली होती, "यंदा पास झाली तं शिकवू, बाई. नाई तं घरी बसवतो. धाकट्याले पाहाले कोणी पायजेच." म्हणजे वच्छीची शाळा त्या एका परीक्षेवर टांगलेली होती. मला ते पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

मग संक्रांत आली. शेवंताबाईनं हळदीकुंकवाला बोलावलं. मी नवं लुगडं नेसून गेले, आम्ही बायका ओळीनं बसलो. ती कुंकू लावत लावत आली — पाटलाची सून, तेलिणीची सून — आणि माझ्यासमोर तिचा हात थांबला. कोयरी मागं घेतली. "बाई, तुमी मनात नका आणू. तुमचं तं असं हाय." कसं हाय गं? नवरा जिवंत होता माझा, पवनीत पान खात फिरत होता! तो निघून गेला यात माझं कपाळ कुठं आलं? वर एक फणी माझ्या हातात ठेवली. "हे घ्या, पोरीची मास्तरीण म्हून." कोणीतरी पदराआड हसलं. मी फणी घेतली. तिळगूळही खाल्ला. घरी येऊन फणीचे दात एकेक करून मोडले.

तिचा राग मला आजही आहे. ती बाई आता थकली असेल, मेलीही असेल — पण तो मागं घेतलेला हात आठवला की आजही माझं अंग पेटतं. खोटं कशाला बोलू?

तीन महिने मी थांबले. वच्छीला रोज शिकवत होते, दोरी रोज म्हणून घेत होते. आणि मनात एकच — हिच्या आईला माझ्या दारात आणीन. हात जोडायला लावीन.

एप्रिलमध्ये गणिताचा पेपर. सकाळी वच्छी पळत आली, दोरी सोडून माझ्या हातात दिली. "बाई, ढिल्ली झाली. घट्ट करून द्या ना." तिनं स्वतः आणून दिली — कळतंय का तुम्हाला? मी गाठी सोडल्या, चिंचोका काढला आणि चारच गाठी आवळून दोरी तिच्या कमरेला बांधली. केसांवरून हातही फिरवला.

वर्गावर मीच होते. कागदावर पुढून-मागून गणितं. वच्छीनं नाव लिहिलं, प्रश्न दोनदा वाचले, सोडवले. मग बोट दोरीवर सरकलं आणि जिथं चिंचोका असायचा तिथं थांबलं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी हसले. मग तीही हसली, शेवटच्या गाठीवर गेली, सगळं पुन्हा तपासलं आणि हाताची घडी घालून बसली. वेळ पुष्कळ उरला होता. मागची सगळी गणितं तिला येत होती. मी खिडकीशी उभी राहून वेळ संपायची वाट पाहत होते.

ती नापास झाली.

शेवंताबाई शाळेत आली, पण हात जोडायला नाही. पोरीचं नाव शाळेतून काढायला आली. "तुमी लय मेहनत घेतली, बाई. पोरगीच धडाची नाई," एवढंच म्हणाली. ना डोळ्यात पाणी, ना आवाजात काही. तिला तर हवंच होतं! घरात धाकट्याला सांभाळायला हात मिळाला. मोठे गुरुजी देवमाणूस, त्यांना एक शब्द बोलले असते तर त्यांनी पोरीला पुन्हा पेपरला बसवलं असतं. मी गप्प बसले. का, सांगू? ती अजून विनवत नव्हती म्हणून. एकदा म्हण, बाई काहीतरी करा — एकदा म्हण! ती म्हणाली नाही. मी हजेरीपुस्तक ओढलं आणि लाल शाईनं वच्छीच्या नावावर रेघ मारली.

वच्छी दाराशी होती, कडेवर भाऊ. तिनं कमरेची दोरी सोडून माझ्या टेबलावर ठेवली. "दुसऱ्या पोरीले द्या, बाई. दोरी बराबर हाय. मलेच याद नाई राहिलं."

दुसऱ्या पोरींना मी खरंच दिली. पुढं वर्षानुवर्षं अशा दोऱ्या केल्या, पाचही खुणांच्या. ऐंशीच्या दशकात भंडाऱ्याला शिक्षकांच्या सभेत साहेबांनी मला उभं केलं, दोरी सगळ्यांना दाखवायला लावली. मी एकेक गाठ समजावली, चिंचोकाही. मागून एका तरुण मास्तरानं विचारलं, "बाई, पयली दोरी जिले दिली, त्या पोरीचं काय झालं?"

मी म्हणाले, "पास झाली."

टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला आणि खाली बसले.