गाडी बंद का पडते?

नगरच्या सावेडीत युसूफभाईंचं आणि माझं भागीदारीतलं गॅरेज आहे. जुन्या, पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्या आमच्याकडे जास्त. गाडीचं दुखणं अर्ध्या तासात सापडतं, मालकाची कहाणी ऐकायला मात्र तास जातो. त्यामुळे आमच्याकडे भंगारापेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

एक शिक्षिका आल्या. "सिग्नलला रेस सोडली की बंद पडते. मागचे हॉर्न मारतात, रडू येतं हो."

इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलवर काजळीचा थर बसला होता. साफ करून गाडी चालू केली. बाई दोन मिनिटं कान देऊन उभ्या. मग हताश होऊन म्हणाल्या, "बघा, पडली परत बंद!"

गाडी चालूच होती.

*

कोपरगावचे एक बागायतदार आले. तक्रार एकच, "पिकअप न्हाई."

स्कॅनर लावला, इंजेक्टर तपासले, फिल्टर बदलला. काही फरक नाही. शेवटी मी स्वतः चालवायला बसलो, तर ॲक्सिलरेटरखाली जाडजूड नवं मॅटिंग घडी होऊन अडकलेलं.

"हे कधी टाकलं?"

"पिकअप गेला ना, त्याच दिवशी."

*

एक गाडी पेट्रोल घटाघटा पीत होती, पण इंजिनाचा पिवळा दिवा काही दिसेना. नीट पाहिलं तर दिव्यावर टिकली!

मालक ओशाळून म्हणाले, "दिवा लागला की हिला धडकी भरते. तिनंच चिकटवली."

सेन्सर बदलला, दिवा विझला. युसूफभाईंनी टिकली जपून आरशावर लावून दिली. दुसऱ्याच्या बायकोची टिकली फेकायची तरी कशी!

*

पारनेरचे तात्या काकींना आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला आणायचे. सकाळच्या गारव्यात गाडी नीट चालायची. परतताना ऊन तापलं की पेट्रोलचा पंप गरम होऊन वाटेतच बंद. अर्ध्या तासानं पुन्हा चालू.

"घरी येताना पडली तर चालतंय," तात्या म्हणाले, "पन एखाद्या दिशी दवाखान्यात जातानाच पडली तर हिचं कसं व्हायचं?"

हातातली कामं सोडून त्याच दिवशी पंप बदलला.

पंधरा दिवसांनी तात्या परत आले. गाडी झकास चालत होती, तरी ते घुटमळत उभे.

"बंद पडायची तवा आमी लिंबाखाली बसायचो. ही दोन घास खायची, बोलायची. आता दवाखाना न्हाईतर घर. वाटंत गप बसून असती." मग हळूच म्हणाले, "घरी येताना तेवढी बंद पडंल, असं काय करता येतंय का?"

युसूफभाईंनी हात पुसले.

"तात्या, वाटेत कडुलिंब आला की चावी बंद करायची. खाली उतरून बॉनेट उघडायचं. काकींना म्हणायचं, गरम झालीय."

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी तात्यांचा फोन आला. युसूफभाईंनी स्पीकरवर घेतला. दबक्या आवाजात विचारत होते, "बॉनेट उघडलंय. आता किती वेळ बघत राहू?"

युसूफभाई काही बोलणार, तोच फोनवर तात्यांच्या मागून काकींचा आवाज आला. "त्यांना सांगा, आज लई बिघडली हाय."