घड्याळबाई मागे पडत नाहीत

सकाळी धुकं असं दाट होतं की खिडकीतून समोरचा जिनासुद्धा दिसेना. घड्याळबाई मऊ फडक्याने कीबोर्डच्या पट्ट्या एकेक करून पुसत होत्या आणि मनात ड्रमवाल्याचा उद्धार करत होत्या. एकोणीस वर्षं त्या एकाच बँडमध्ये वाजवत होत्या. ठोका कधी चुकला नाही, म्हणून तर हे नाव पडलं. आणि मागच्या तालमीत त्याच ड्रमवाल्याने चारचौघांत म्हणावं, "घड्याळबाई, चावी द्यायची राहिली का? मागे पडताय!"

बँडचे मालक काका गोड बोलले, ते जास्त झोंबलं. "वय कुणाला चुकलंय, ताई? शनिवारच्या तालमीत बघू. नाहीच जमलं तर माझी भाची आहे."

भाची! शिकायला लागून दोन वर्षं नाही झाली कार्टीला.

आज शनिवार. आठवडाभर बाईंनी बोटं पळवली होती. ठोक्याच्या जरा आधीच पट्टी दाबायची, म्हणजे सूर वेळेवर पडतो. सांधे ठणकत होते, पण सांगणार कुणाला?

पुसता पुसता एका पट्टीवर बोट जोरात पडलं. आधी पट्टीचा 'टक्', मग बोलावणं पाठवल्यावर यावा तसा सावकाश सूर. बाईंचं फडकं हातातच राहिलं. पुन्हा दाबली. टक्... आणि मग सूर.

म्हणजे बोट वेळेवर पोचत होतं!

जुना कीबोर्ड स्वतः वाजायचा. तो बिघडल्यापासून नवा नुसती पट्टी दाबल्याची खबर देई आणि सूर लॅपटॉप काढी. तो सूर लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या डब्यातून स्पीकरपर्यंत नेणारा निरोप्या म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, आणि तो निवडला होता ऑफिसांतले कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराने. बाईंनी फोन लावला.

"भाऊजी, कुठला ड्रायव्हर घातलाय?"

"लॅपटॉपमध्ये आधीपासून असतो तोच. सगळ्याला चालतो, वहिनी."

"बैलगाडीपण चालते हो! आणि मी मेली आठवडाभर तिच्यापुढे धावतेय. ऑडिओ इंटरफेसच्या डब्यासोबत आलेला का नाही घातला?"

"त्यात सेटिंगची कटकट असते."

"कटकट तुमची आणि वय माझं!" बाईंनी फोन आपटला.

डब्यासोबतचा ड्रायव्हर त्यांनी स्वतः घातला. सूर किती वेळ अडवून ठेवायचा, ती सेटिंग सगळ्यात खाली नेली, तर ओलं लाकूड पेटल्यासारखा आवाज तडतडला. दोन पायऱ्या वर घेतली. टक् आणि सूर एकदम. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच.

पण दुपारी तालमीच्या हॉलमध्ये घात झाला. आठवडाभर पळायला शिकलेली बोटं थांबेचनात. प्रत्येक सूर ठोक्याच्या आधी.

"मागे होत्या, आता पुढे!" ड्रमवाला खिदळला. "गाडी सुटतेय का, ताई?"

काकांनी मान हलवली आणि खिशातला फोन काढला. भाचीलाच लावणार, हे उघड होतं.

बाई उठल्या. लॅपटॉपवर दिराचा ड्रायव्हर परत लावला. "काका, या. माझ्या जागी बसा. एकच पट्टी, ठोक्यावर दाबायची."

काका हसत बसले. ड्रमवाल्याने ठोका धरला. काकांचा सूर मागे पडला. पुन्हा मागे. तिसऱ्यांदाही मागेच.

"काका, चावी..." ड्रमवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

काकांचे कान लाल झाले. "अरे, हे यंत्रच सुस्त आहे!"

"हो ना?" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "माझ्या वेळी वय होतं. तुमच्या वेळी लगेच यंत्र झालं?"



"मग आधी सांगायचं होतं ताई," काका पुटपुटले आणि खुर्ची सोडली. फोन खिशात गेला.

आधी सांगायचं! चूक कबूल करायची तर माणसाची जीभ जड होते. बाईंनी आपला ड्रायव्हर लावला, हात मांडीवर ठेवून दोन आवर्तनं नुसती ऐकली आणि मग सुरुवात केली. बोटं दोनदा पळाली. तिसऱ्यांदा सूर ठोक्यावर बसला, आणि मग शेवटपर्यंत तिथून हलला नाही. ड्रमवाल्याने मान वर केली नाही.

तालीम संपल्यावर बाईंनी पिशवीतून जादाची वायर काढली. दिराने ती कोपराभोवती गुंडाळून पार पिळून ठेवली होती.

"हेही येत नाही मेल्याला," म्हणत त्या खुर्चीवर बसल्या आणि एकेक पीळ सोडवू लागल्या.