आईचं पहिलं नाव

बाबांच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि ती त्यांनी लग्नानंतर दहा दिवसांतच केली. ती निस्तरायला त्यांना शेवटचं वर्ष मिळालं.

बाबा फौजेत हवालदार होते. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि बाबांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. डाव्या पायाची दोन बोटं सीमेवरच्या बर्फात गेलेली. त्याबद्दल ते बोलत नसत. पेन्शनीत आल्यावर त्यांनी घरातली सगळी शिलाई ताब्यात घेतली. माझ्या युनिफॉर्मची बटणं, भावाच्या पँटची उसवलेली शिवण, आईच्या ब्लाउजचे हुक, सगळं बाबाच लावायचे, तेही ओटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. शेजारचे काका चिडवायचे, "काय मेजर, बंदूक सोडून सुई धरलीत?"

"बंदूक सरकारची व्हती," बाबा दोरा ओवत म्हणायचे, "पोरं माझी हायेत."

मी अलिबागला कॉलेजात जायला लागले तेव्हा पहाटेच्या एसटीसाठी ते मला रोज सायकलवरून नाक्यावर सोडत. तीन वर्षांत माझी एसटी एकदाही चुकली नाही. मला ती चुकवायची असायची, ही गोष्ट वेगळी.

आता चुकीबद्दल. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. आजीनं ठरवलेलं नाव बाबांनी लिहिलं, आणि त्या दिवसापासून आईचं माहेरचं नाव संपलं. रजा संपवून बाबा परत गेले तेव्हा तिथल्या कारकुनानं बायकोचं नाव विचारलं. बाबांच्या खिशात लग्नपत्रिका होती. पत्रिकेत अर्थातच माहेरचं नाव. बाबांनी ते वाचून दाखवलं आणि फौजेच्या कागदावर तेच चढलं. इकडे रेशनकार्ड, आधार, बँक, सगळीकडे सासरचं नाव. चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते बाबांच्या एका जुन्या सोबत्याच्या बायकोमुळे. सोबती वारला, आणि अशाच घोळापायी पेन्शनसाठी ती त्याची बायको आहे हे सिद्ध करायला तिला तीन वर्षं हेलपाटे घालावे लागले. बाबा तिला भेटून आले त्या दिवशी जेवले नाहीत. हृदय थकलंय, जिने चढू नका, असं डॉक्टरांनी त्यांना त्याच महिन्यात सांगितलं होतं.

"मी गेल्यावर हिला कुनी इचारता कामा नये, तू कोन म्हनून," ते म्हणाले. "मी असतानाच हे सरळ करनार."

मी म्हटलं, मी शिकवते त्या शाळेतून रजा काढते, मी बघते सगळं. ऐकतील तर ते बाबा कसले! "चूक माझी हाय." संपला विषय.

अलिबागचं सैनिक कल्याण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाबा कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबत चढले. तिथला कारकून स्वतः माजी सैनिक, भला माणूस. म्हणाला, "सोपं आहे. दोघांनी एक प्रतिज्ञापत्र करा, आम्ही फौजेच्या रेकॉर्डात सासरचं नाव चढवायला पाठवतो. बाई, तेच नाव ठेवायचं ना?"

त्यानं सहज विचारलं होतं. आईनं हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मला पयलं नाव पायजे."

"आई, आता?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तांदळात लिवताना कुनी इचारलं नव्हतं. आता इचारलं, म्हनून सांगतेय."

खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. एका कागदाचं काम होतं. आता फौजेचा तो कागद सोडून बाकीचे सगळे बदलायचे, आणि तेही असं हृदय घेऊन फिरणाऱ्या माणसानं. बाहेर जिन्यावर मी तिला नको नको ते बोलले. बाबा भिंतीला टेकून दम खात होते. धाप ओसरल्यावर मला म्हणाले, "तिला बोलू नको. लिवलं मी व्हतं. पुसनार पन मीच."

आणि त्यांनी कंबर कसली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आमच्याकडे सहा महिने आहेत की नाहीत तेच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा हवा होता आईचा शाळा सोडल्याचा दाखला. तिचं माहेर दिघीच्या बाजूला. मुरूडवरून आगरदांड्याला गेलो, तिथून फेरीबोटीनं पलीकडे. खाडीच्या मध्यावर बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी म्हटलं, परत जाऊ या. ते म्हणाले, "बोट काय तुझ्यासाठी मधनंच वळनार हाय?" शाळेत धूळ खात पडलेल्या रजिस्टरात आईचं नाव सापडलं तेव्हा बाबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

मग नाव बदलल्याचं राजपत्र, मग आधार, मग बँक. आधार केंद्रावर आईच्या बोटांचे ठसे उमटेनात, म्हणून तीनदा जावं लागलं. शेजारचे काका म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही मेजरचा." बाबांनी त्यांनाच साक्षीदार म्हणून सही करायला नेलं.

सगळ्यात शेवटी बँकेचं पासबुक आलं. तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं. आई मागच्या दारी सुकट निवडत होती. बाबांनी पासबुक उघडलं आणि तिला त्या नावानं हाक मारली. आयुष्यभर "अगं, ऐकलंस का" म्हणणारा माणूस! आईला कळलंच नाही कुणाला बोलावतायत. तिसऱ्या हाकेला ती दारात आली, तोंडाला पदर लावून.

"सगळ्या आळीला ऐकू गेलं."

"जाऊ दे."

त्यानंतर ते तिला उगाचच हाका मारत. पाणी हवं म्हणून, पाणी नको म्हणून. असे वीसेक दिवस मिळाले, आणि एका दुपारी बाबा गेले.

महिन्याभरानं बाबांची पेन्शन आईच्या नावावर करायला तिला घेऊन मी तो जिना चढले. कारकुनानं सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून तपासले. कुठेही अडलं नाही. तू कोण, असं तिला कुणी विचारलं नाही. त्यानं फक्त नाव विचारलं. सवयीनं मी सासरचं सांगणार, तोच आईनं माझा हात दाबला आणि स्वतः सांगितलं, खणखणीत आवाजात.

परतताना रिक्षात ती पिशवीतले कागद नीट लावत होती. चौल मागे पडल्यावर म्हणाली, "माझे आईबाप गेले, भाऊ गेला, आता हे गेले. ह्या नावानं हाक मारनारं कुनी उरलं न्हाय गं."

आईला नावानं हाक मारत नाहीत. वर्गात मुलांना मीच हे शिकवते. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी तिच्याकडे वळले आणि तिला नावानं हाक मारली.

आई म्हणाली, "ओ."